जन्मस्थळ: कुवेत

माझा जन्म कुवेतचा. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, कारण लहानपणी मला 'कुवेतवाली' म्हणूनच हाक मारायचे. पण पस्तिशी ओलांडून पासपोर्ट काढायला गेले तेव्हा कळलं, की हे छापील असं कुठेच नाही. आधारवर जन्मस्थळ नसतं, पॅनवर नसतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे, पण तिथे आमच्या गावाचं नाव, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. पहिलीत घालताना गुरुजींनी आईला विचारलं, आईने सगळं खरं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "कशाला कुवेत-बिवेत, पुढे पोरीला त्रास होईल." आणि लिहिलं गाव. माणूस चांगला होता. त्रास मात्र झालाच, तीस वर्षांनी.

धाकटी बहीण मस्कतला असते, तिचं पहिलं बाळंतपण. आईचे गुडघे गेलेले, तेव्हा जाणार कोण तर मी. पासपोर्ट म्हणजे काय, पंधराशे रुपये भरले की महिन्याभरात येतो, असा माझा समज. मी पतसंस्थेत कारकून आहे. लोकांकडून केवायसीचे कागद घेण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे कागदांची भीती अशी नव्हती. तरी सात महिने गेले. आता आमच्या खाडीपट्ट्यातली आखातात जन्मलेली पोरं, म्हणजे चाळिशीची पोरं, माझ्याकडे पिशवी घेऊन येतात. दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट. जो कोणी तुमचा ऑनलाइन फॉर्म भरून देईल तो म्हणेल, जन्मस्थळ गावच टाकूया, दाखल्यावर तेच आहे, कोण बघतंय. मला ज्याने फॉर्म भरून दिला त्याने मला न विचारताच तसं टाकलं होतं. पैसे भरायच्या आधी मी स्क्रीनवर वाचलं म्हणून वाचले. पासपोर्ट कायदा १९६७ सालचा आहे, त्याच्या बाराव्या कलमात जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि ते सोडा. आईच्या जुन्या पासपोर्टवरून एक निघतं, माझ्या पासपोर्टवर दुसरं, असं झालं तर पुढे आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर तेच पुराण. फॉर्ममध्ये 'जन्म भारताबाहेर झाला का' असा प्रश्न असतो, तिथे होय. मग नागरिकत्व कशामुळे असं विचारतात: जन्माने, वंशाने, की नोंदणीने. आपलं 'वंशाने'. इथे बहुतेक जण जन्माने टाकतात, कारण आपण जन्मापासून भारतीय आहोत असं आपल्याला वाटतं. वाटणं बरोबर आहे, पण कायद्याच्या भाषेत 'जन्माने' म्हणजे भारताच्या जमिनीवर जन्म.

आता जन्मतारीख बघा, कारण नियम तारखेवर फिरतो. २६ जानेवारी १९५० ते ९ डिसेंबर १९९२ या काळात परदेशात जन्म झाला असेल, तर जन्माच्या दिवशी वडील भारतीय नागरिक असायला हवेत. फक्त वडील. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील, दोघांपैकी कोणीही चालतं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्यांची नोंद वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत झालेली असली पाहिजे, वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. माझी तारीख १९ नोव्हेंबर १९८७. म्हणजे वकिलातीतली नोंद नाही म्हणून माझं काही अडत नव्हतं. अडलं ते वेगळ्याच जागी: घरात होते ते सगळे कागद आईचे, आणि कायदा बघतो बापाकडे.

याचं कारण १९९०. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा मी पावणेतीन वर्षांची. बाबा एका कंपनीत फोरमन होते, आणि आखातातल्या रीतीप्रमाणे त्यांचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या तिथल्या मालकाच्या कपाटात. कफील पहिल्या आठवड्यातच देश सोडून गेला, कपाटाला कुलूप. आईचा पासपोर्ट मात्र तिच्याकडे होता. बाबांनी आम्हा दोघींना बसमध्ये बसवून पुढे पाठवलं. बसरा, बगदाद, मग वाळवंटातून जॉर्डनची सीमा, तिथे तंबूत नऊ दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून एक लाख सत्तर हजारांहून जास्त माणसं आणली, त्यातल्या आम्ही दोघी. आईला त्यातलं काय आठवतं विचाराल तर सुकलेला खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि माझ्या पायातली हरवलेली एक चप्पल. बाबा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आले. पासपोर्ट नव्हता म्हणून वकिलातीने आणीबाणीचा प्रवास दाखला दिला होता, तो एकदाच वापरायचा असतो. मुंबईला उतरल्यावर तो काढून घेतला. बाबा पुन्हा कुठे गेले नाहीत. २००३ साली वारले. त्यांचा एकही परदेशी कागद घरात नाही.

तर तांदळाच्या कणगीमागे पत्र्याची ट्रंक आहे, ती आम्ही उघडली. कोकणात कागद ठेवणं म्हणजे चार महिने पाण्यात ठेवण्यासारखंच. खालच्या थराला कसर लागलेली, दोन पत्रं एकमेकांना चिकटून पापड झालेली. पण आईने पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुधाच्या पावडरच्या डब्यात ठेवली होती. इथे एक सांगते. असा जुना कागद सापडला तर लगेच लॅमिनेशनला धावू नका. लॅमिनेट केलेला मूळ कागद खिडकीवर नको म्हणतात, आणि शाई उडाली तर परत काढता येत नाही. उन्हातही टाकू नका. पंख्याखाली दोन दिवस वर्तमानपत्रात ठेवा, मग मोबाइलने नाही, नीट स्कॅनरवर प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. शिक्के उलट बाजूने उमटलेले असतात, कधी कधी तेच वाचता येतात.

आईचा पासपोर्ट १९८५ सालचा, हाताने लिहिलेला. त्या काळी लहान मुलांचा पासपोर्ट वेगळा काढायची गरज नसायची, आईच्या पासपोर्टात 'मुले' म्हणून पान असायचं, त्यावर नाव, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी एवढं लिहायचे. त्या पानावर निळ्या शाईत माझं नाव आहे, तारीख बरोबर, नावात एक 'एच' जास्त. जन्मस्थळाचा रकानाच नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हिरमुसले. मग आतेभावाने, तो वकिलाकडे काम करतो, भिंग मागितलं. नावाच्या खाली गोल शिक्का आहे, अर्धा पुसलेला: भारतीय वकिलात, कुवेत. सहीखाली तारीख ३ जानेवारी १९८८. म्हणजे जन्मानंतर दीड महिन्याने कुवेतच्या वकिलातीने ही नोंद घातली. आणि आईच्या पासपोर्टात १९८६ मध्ये कुवेतला शिरल्याचा शिक्का आहे, त्यानंतर १९९० पर्यंत भारतात आल्याचा एकही नाही. शिक्का नसणं हासुद्धा पुरावा असतो, हे मला त्या दिवशी समजलं. दीड महिन्याचं पोर कुवेतच्या वकिलातीत, आई मधल्या काळात देशाबाहेर पडलेली नाही, तर जन्म कुठे झाला असेल?

म्हणून मी सगळ्यांना सांगते, पिशवीतला कागद हातात घेतला की त्याला विचारा, तू कशाचं उत्तर आहेस? वहीत चार ओळी लिहा. मी कोण. कधी जन्मले. कुठे जन्मले. त्या दिवशी बाप भारतीय होता का. प्रत्येक ओळीपुढे कागद लिहा. माझ्या वहीत पहिल्या दोन ओळींपुढे पाच-पाच कागद होते, तिसरीपुढे दीड, चौथीपुढे शून्य. लोक पहिल्या दोन ओळींचे कागद वाढवत बसतात. रेशनकार्ड, वीजबिल, सातबारा, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, गठ्ठाच्या गठ्ठा. सातबारा हा जमिनीचा कागद आहे, नागरिकत्वाचा नाही.

चौथ्या ओळीसाठी दोन वाटा होत्या, मी दोन्ही धरल्या.

एक वाट राजापूरच्या तहसील कार्यालयात जाते. बाबा १९५४ साली आमच्याच गावात, घरात जन्मले. भारतात २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, त्याचे आईबाप कोण हे बघायची गरज नाही. तेव्हा बाबांचा जन्म गावात झाला एवढं दाखवलं की झालं. पण १९५४ साली घरात जन्मलेल्या पोराचा दाखला कोण काढतो? त्या वेळची नोंद कोतवाल बुकात असते, म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. ती वही अभिलेख कक्षात असते. नकलेसाठी साधा अर्ज करायचा, गाव, अंदाजे वर्ष आणि आजोबांचं पूर्ण नाव टाकायचं. आजोबांचं, हे लक्षात ठेवा. कारण नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बाबांच्या ओळीत 'पुरुष' आणि बापाचं नाव, एवढंच. तारीख ८ मार्च १९५४. तिथल्या बाईंनी तीन वर्षांच्या वह्या काढून दिल्या, कारण आई म्हणत होती बाबा 'मोठ्या वादळाच्या आदल्या साली' जन्मले, आणि वादळाचं साल कोणालाच ठाऊक नव्हतं.

नाव नसलेली नोंद आपल्याच बापाची कशावरून? त्यासाठी बाबांच्या प्राथमिक शाळेत गेले. शाळेचं जनरल रजिस्टर जपलेलं असतं, त्यात नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ सगळं. तिथे बाबांची तारीख १ जून १९५४. हसू नका, तुमच्याही घरात दोन-चार एक जूनवाले निघतील. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने ठोकलेली तारीख. मी घाबरले, पण हा फरक आड येत नाही, कारण तुमच्या फॉर्ममध्ये बापाची जन्मतारीख विचारतच नाहीत. इथे प्रश्न साल १९५० च्या अलीकडचं आणि गाव भारतातलं एवढाच. दोन्ही कागदांत साल आणि गाव एकच, आजोबांना मुलगा एकच. आईने साध्या कागदावर तसं लिहून सही केली.

दुसरी वाट कुवेतची. तिथल्या आरोग्य मंत्रालयात जन्माची नोंद असते. पण इराकी सैन्याने सात महिने जिथे तळ ठोकला तिथलं दप्तर राहिलं असेल का, अशी शंका होती. आईच्या मामेभावाचा मुलगा फरवानियाला ड्रायव्हर आहे. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अधिकारपत्र पाठवलं, मग मूळ प्रत एका येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर. सोबत आईच्या पासपोर्टची फोटोची पानं, इकामाच्या (तिथल्या रहिवासी परवान्याच्या) शिक्क्याचं पान, मुलांचं पान, माझं आधार आणि एका कागदावर: जन्मतारीख, सबाह भागातलं सरकारी प्रसूती रुग्णालय, आईबापाची नावं. नावं इंग्रजीत आणि अरबीतही लिहून द्या, नाहीतर शोधणारा शोधणार कसा. अरबीत लिहायला इथे कोणी मिळेल का म्हणून मी बिचकत होते, तर वाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांनी पाच मिनिटांत लिहून दिलं आणि वर चहा पाजला. त्यांनीच सांगितलं, अरबीत 'प' नाही. बाबांचं नाव परशुराम. ते झालं 'बराशुराम'.

सात आठवड्यांनी दाखला सापडल्याचा फोन आला. मी पतसंस्थेत होते, आरडीचे हप्ते जमा करत होते, समोरच्या काकूंना दोनदा पावती दिली. पण सापडला म्हणजे झालं असं नाही. परदेशी दाखला नुसता आणला तर इथे तो चिठोऱ्याच्या किमतीचा. ओमान, बहारीन, सौदी हे अपोस्टिल करारातले, म्हणजे एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानणारे देश, तिथे अपोस्टिलचा एक शिक्का पुरतो. कुवेतच्या दाखल्याला आधी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग तिथल्याच भारतीय वकिलातीचा. हे दोन्ही तिथेच करून घ्या. दाखला भारतात आला आणि शिक्के राहिले तर परत पाठवावा लागतो. आमच्या शेजारच्या गावातल्या एकाचं असं झालं, त्याचा दाखला तीन वेळा समुद्र ओलांडून आला. मग अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर, त्यावर त्याचा शिक्का आणि सही.

भाषांतर हातात आलं तेव्हा अपेक्षेप्रमाणे बाबा 'बराशुराम' झालेले, आणि आमचं आडनावही ओळखू येईना. भाषांतरकाराला मी विनंती केली, की पासपोर्टातलं स्पेलिंग कंसात टाका. तो म्हणाला, मी मूळ कागदात आहे तेच लिहिणार. त्याचं बरोबर होतं. त्यावर उपाय म्हणजे प्रतिज्ञापत्र, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. ते आईने केलं, कारण नवऱ्याच्या नावाबद्दल तिच्याइतकं कोण सांगणार. माझ्या नावातल्या जादा 'एच'चंही त्यातच घातलं. एकाच प्रतिज्ञापत्रात सगळे फरक लिहा, कोणत्या कागदावर कोणतं स्पेलिंग आहे ते कागदाच्या तारखेसकट. 'नावात किरकोळ फरक आहे' एवढं मोघम लिहिलं तर उपयोग नाही.

पण मला जे दाखवायचंय ते वेगळंच. अरबी दाखला मी हाफिजसाहेबांकडे नेला, मला तो त्यांच्या तोंडून ऐकायचा होता. ते बोट ठेवून उजवीकडून डावीकडे वाचत गेले. मुलीचं नाव. तारीख. रुग्णालय. बापाचं नाव, बराशुराम. मग एका छोट्या शब्दावर बोट थांबलं. "हे बघ, बापाची जिनसिया, म्हणजे राष्ट्रीयत्व. काय लिहिलंय माहितेय? हिंदी." अरबीत भारतीयाला हिंदी म्हणतात. चार अक्षरांचा तो शब्द, कुवेतच्या सरकारी कारकुनाने १९८७ साली लिहिलेला. माझ्या वहीतली चौथी ओळ शून्यावर होती, तिचं उत्तर हे.

ट्रंकेत आणखी एक कागद निघाला, तो बहुतेकांच्या घरी असतो आणि कोणी बघत नाही. युद्धानंतर १९९१ साली युनोने भरपाई आयोग नेमला, जिनिव्हाला. कुवेत सोडून आलेल्यांनी भरपाईचे अर्ज भरले, ते आपल्या सरकारमार्फत गेले. बाबांनीही भरला होता आणि नव्वदीच्या अखेरीस पैसेही आले, त्यातून आमची विहीर बांधली. त्या अर्जाची झेरॉक्स विहिरीच्या बिलांच्या बाडात होती. त्यावर बाबांचा पासपोर्ट नंबर, आईचं नाव, माझं नाव आणि वय. विहिरीला पाणी अजून आहे, मे महिन्यातही. हा कागद एकटा काही सिद्ध करत नाही, पण हरवलेल्या पासपोर्टाचा नंबर मिळाला की तपासणाऱ्याला धागा मिळतो. तुमच्या घरी कोणी नव्वद साली कुवेतहून आलं असेल तर जुन्या बिलांची बाडं चाळा.

आता अर्ज. पोर्टलवर नोंदणी, छत्तीस पानी पुस्तिकेचे पंधराशे रुपये, मग अपॉइंटमेंट. तत्काळच्या नादाला लागू नका, जादा दोन हजार जातात आणि अशी फाइल तत्काळमध्ये बसत नाही. मी रत्नागिरीच्या पोस्टातलं केंद्र घेतलं. राजापुराहून सकाळची एसटी धरली. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टाचे नियम बरेच सैल झाले, ते वाचून जा. जन्मतारखेसाठी नुसता जन्मदाखलाच हवा असं राहिलं नाही, शाळेचा दाखला, पॅन, मतदार ओळखपत्र, विम्याचा बाँड यांपैकी एक चालतो. फक्त १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो. आई किंवा वडील एकाचंच नाव दिलं तरी चालतं. लग्नाचा दाखला लागत नाही. अर्जासोबतची घोषणापत्रं साध्या कागदावर, नोटरीशिवाय. हे वाचून काहींना वाटतं, की मग फक्त आईचं नाव देऊन मोकळं व्हावं. भारतात जन्मलेल्यांना चालेल. माझ्यासारखीचं नागरिकत्वच बापावरून, मी बापाचं नाव गाळून कसं चालेल?

शाळेच्या दाखल्यावरच्या चुकीचं काय केलं? लपवला नाही. जन्मतारखेसाठी तो लागणारच नव्हता, पण कोणी मागितला तर फरक दिसणारच. म्हणून साध्या कागदावर एक पानी पत्र लिहिलं: जन्म कुवेतला, कुटुंब १९९० मध्ये परत आलं, १९९३ मध्ये शाळेत घालताना जन्मस्थळ गाव लिहिलं गेलं, दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांकडे अमुक तारखेला अर्ज केला आहे, पोच जोडली आहे. शाळा सोडल्यावर दाखल्यात बदल करणं फार किचकट, मुख्याध्यापकांना वरून मंजुरी घ्यावी लागते, तेव्हा ती होईपर्यंत थांबू नका. अर्ज टाका, पोच घ्या. पोच हा किती गुणी कागद आहे हे आमच्याकडे पतसंस्थेत येणाऱ्यांना मी रोज सांगते.

खिडकीवरच्या मुलीने फाइल उलटी-सुलटी करून पाहिली आणि साहेबांकडे नेली. साहेबांनी दहा मिनिटं वाचली. म्हणाले, हे मुंबईला बघतील. नागरिकत्व वंशाने असेल आणि जुने कागद असतील तर हे होतंच, तोंड पाडून बसू नका. महिन्याने मुंबईला बोलावणं आलं. तुतारी एक्स्प्रेस धरली, पहाटे दादर, तिथून वांद्र्याला बीकेसीत विदेश भवन. सोबत आईला नेलं होतं. गरज नव्हती, पण जुना पासपोर्ट जिचा ती समोर असली की फरक पडतो असं माझं मत आहे. फाइलच्या वर मी एक पानी तक्ता लावला होता, वहीतल्या त्याच चार ओळी आणि प्रत्येकीपुढे जोडपत्राचा क्रमांक. अधिकारी बाईंनी तक्त्यावर बोट ठेवून एकेक कागद पाहिला, मूळ प्रत मागितली, भिंगाशिवायच गोल शिक्का वाचला आणि आईला विचारलं, "तुम्ही कुठल्या रस्त्याने आलात?" आईने बसरा, बगदाद, अम्मान सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांचे काकाही तसेच आले.

मग पोलीस पडताळणी. हवालदार घरी आले, जन्मस्थळ कुवेत वाचून खुर्चीत पुढे सरकले. शेजारच्या दोघांची नावं आणि पोलीस पाटलाचं पत्र तयार होतं. आईने कोकम सरबत दिलं आणि नव्वद सालची गोष्ट सुरू केली. त्यांना निघायला दुपार झाली. अठराव्या दिवशी पोस्टमन आला.

ज्यांचे आजोबा-पणजोबा झांझिबारला, दारेसलामला किंवा केपटाऊनला गेले आणि वडीलच तिकडे जन्मले, त्यांनी माझं उदाहरण जसंच्या तसं घेऊ नका. वडील स्वतः वंशाने नागरिक असतील तर पुढच्या पिढीसाठी वकिलातीतली नोंद लागते, तिथे वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

मी मस्कतला पोचले तेव्हा भाचा साडेतीन महिन्यांचा झाला होता. बाळंतपण हुकलं. बहिणीने दार उघडलं, बाळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः झोपून गेली, दोन रात्रींची जागलेली. ती उठल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, वकिलातीत नोंद केली का. "करू गो, वर्ष आहे ना अजून." दुसऱ्या दिवशी भावोजींनी रजा टाकली. ओमानचा जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, आणि बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांचं लेखी निवेदन, एवढं घेऊन आम्ही निघालो. नोंदणीचा दाखला मिळाल्यावर मी त्याच्या पाच झेरॉक्स काढल्या. एक माझ्या सामानात आली, आता ती दुधाच्या पावडरच्या डब्यात आहे, आईच्या पासपोर्टाखाली.